खाड्याचं ताट

दरवर्षी मे महिन्यात डिलाईल रोड गावाला जातो. यंदा गाव डिलाईल रोडला आलं, आणि त्याला कारण झाला लक्ष्मीबाईंचा डावा डोळा.

मोतीबिंदू दोन वर्षं पिकत होता. होळी होऊ दे, गणपती होऊ देत, असं करत लक्ष्मीबाईंनी तो टाळत आणला होता. शेवटी एप्रिलच्या अखेरीस थोरल्या जगदीशने त्यांना काही न विचारता टॅक्सीत बसवलं. ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं आणि डोळा लख्ख झाला. इतका, की घरी आल्या आल्या त्यांना पंख्यावरची जळमटं दिसली, जगदीशच्या कानामागचे पांढरे केस दिसले आणि थोरल्या सुनेच्या, अनुजाच्या कपाळावरच्या दोन आठ्या दिसल्या.

"ह्यो कदी पडल्यो गो?" त्यांनी विचारलं.

"बरीच वर्षं झाली, आई," अनुजा म्हणाली आणि डोळ्यात थेंब घालायला बाटली उघडली.

डॉक्टरांनी महिनाभर धूर, फोडणी आणि वाकणं बंद केलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा लक्ष्मीबाईंच्या घरची चूल दुसरीच्या हातात गेली, आणि गेली ती नेमकी घरात पाय ठेवायला जागा नसताना. आईला बघायला म्हणून लेक रमा कणकवलीहून आली. तिच्याबरोबर शाळेला सुट्टी लागलेले मास्तर, म्हणजे तिचे यजमान रघुवीर, दोन मुलगे आणि एक भलामोठा फणस. धाकटा सुशांत विरारहून आला, कारण त्याच्या घरातली फरशी बदलायची होती. फरशीवाल्याने आठ दिवस सांगितले होते आणि आठ दिवसांत नुसती जुनी फरशी निघाली होती. तेव्हा सुशांत, त्याची बायको नूपुर आणि दोन मुलंही मुक्कामाला. चाळीतल्या दोन खोल्यांच्या बदल्यात टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर समोरासमोर दोन छोटी घरं मिळालेली, म्हणून झोपायची सोय झाली. चूल मात्र एकच.

पहिले दोन दिवस घरात नुसता गोंधळ होता. जगदीशच्या पूर्वीने फोनवर 'मे मेनू' नावाचा ग्रुप काढला. रोज सकाळी ती त्यावर विचारायची, आज काय करायचं, चारांपैकी एक निवडा. रघुवीरराव चारही निवडायचे. सुशांत नुसता अंगठा दाखवायचा. लक्ष्मीबाईंच्या फोनला बटणं होती. शेवटी ग्रुपवर मेनू सोडून सगळं येऊ लागलं आणि अनुजा स्वयंपाकघरात एकटीच, आज किती भात लावायचा, म्हणून उभी राहू लागली. बावीस वर्षं तिने या घरात कांदे चिरले होते, पोळ्या लाटल्या होत्या, कढया घासल्या होत्या. पण किती शिजवायचं, हे तिने एकदाही ठरवलं नव्हतं. ते माप सासूबाईंच्या हातात होतं.

मग त्या रविवारी संध्याकाळी सगळे बसले.

"मी काय म्हणते," नूपुरने सुरुवात केली, "महिनाभर टिफिन लावूया का? दादरला एक काकू आहेत. आमच्या ऑफिसातले सगळे त्यांच्याकडूनच घेतात. घरगुती असतं एकदम. ताईंना पण आराम."

ताई म्हणजे अनुजा. अनुजाच्या मनात आलं, हिच्या तोंडात साखर पडो. कारण टिफिनची गरज तिच्याइतकी कोणालाच नव्हती. ती ज्या विमा कंपनीत कारकून होती तिथली अधिकारीपदाची परीक्षा पंचवीस मेला होती. दोनदा ती नापास झाली होती, एकदा दोन मार्कांनी आणि एकदा बऱ्याच. ही तिसरी खेप, आणि वयाच्या अटीमुळे शेवटची. हे फक्त जगदीशला आणि पूर्वीला माहीत होतं. मागच्या खेपेला सगळ्यांना सांगून बसली होती आणि निकालानंतर सगळ्यांनी मिळून तिचं सांत्वन केलं होतं. ते पुन्हा नको होतं.

पण लक्ष्मीबाईंनी काळा चष्मा कपाळावर चढवला होता.

"खानावळवालीच्या घरात डबो?" त्या म्हणाल्या. "राधाबाय वरसून बघता हा."

राधाबाई म्हणजे लक्ष्मीबाईंच्या सासूबाई. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी गिरणीतल्या तीस मेंबरांची खानावळ चालवली होती, संप होऊन भोंगे थांबले तोवर. लक्ष्मीबाई लग्न होऊन आल्या त्या थेट त्या खानावळीच्या चुलीसमोर. नवरा धोंडू आता नाही, पण तेव्हा तो गिरणीत साच्यावर आणि बायको भाकऱ्यांवर, असा त्यांचा संसार सुरू झाला.

"डबो कित्याक होयो? वहिनी आसा ना," रमा म्हणाली आणि अनुजाकडे बघून गोड हसली.

नणंदेचं गोड हसणं अनुजाला चांगलं ओळखता यायचं. 'तुला जमणार नसेल तर तसं सांग' असा त्याचा अर्थ होता. तिने जगदीशकडे पाहिलं. माझगावच्या गोदीत शंभर माणसांचा फोरमन असलेला हा गृहस्थ घरात एकच शब्द वापरायचा.

"बघू," तो म्हणाला.

"बघायचं काय त्यात," अनुजाच्या तोंडून निघून गेलं. "घरीच करू. टिफिन-बिफिन नको."

नूपुरने तिच्याकडे असं पाहिलं की जणू एकाच होडीत बसलेली बाई आपणहून पाण्यात उतरली.

"बरां झाला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "जगदीश, माळ्यावरसून पाटी काढ."

पाटी म्हणजे खानावळीची पाटी. लाकडी चौकटीची, हातभर लांब. चाळ पाडली तेव्हा कपाटं, पलंग, आरसा सगळं भंगारात गेलं, पण पाटी आणि तांदूळ मापायची चेपलेली जर्मनची वाटी लक्ष्मीबाईंनी मांडीवर घेऊन आणली होती. जगदीशने पाटी पुसून फ्रिजशेजारी खिळ्याला लावली. लक्ष्मीबाई सांगत गेल्या आणि अनुजा खडूने लिहीत गेली.

"जगदीश. पूर्वी. सुशांतची चार. रमाची चार. दहा झाली. माणशी एक वाटी तांदूळ, माणशी दोन भाकऱ्यो, माशाची तुकडी माणशी एक. सोमवार, गुरवार, शनवार शिवराक, मासळी नाय. जेचो खाडो असात, म्हणजे जो जेवचो नाय, तेणा सकाळी आठाच्या आत सांगायचा. तेच्या नावासमोर फुली. मगे तेका ताट नाय. दोन पाळ्यो, आदी पुरुष नि पोरां, मगे बायल माणसां."

"आणि माप कमी पडलं तर?" अनुजाने विचारलं.

"खानावळीत कदी पडूक नाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

ते सोमवारीच पडलं. फणसाची भाजी दुसऱ्या पाळीपर्यंत जेमतेम पोचली आणि भात पातेल्याला चिकटलेला तेवढा उरला. अनुजाने तो खरवडून लोणच्याशी खाल्ला. मंगळवारी डाळ संपली. बुधवारी मांदेली. गुरुवारी सुशांत पहिल्या पाळीत म्हणाला, "वहिनी, भात संपला?" आणि मग लगेच, "नाही, म्हणजे पोट भरलं तसं." शुक्रवारी रमाच्या धाकट्याने तिसरी भाकरी मागितली आणि रमाने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण असं दटावलं की ते अनुजाला दिसावं.

अनुजा रोज पाटी बघायची. दहा माणसं, दहा वाट्या, वीस भाकऱ्या. वाटी काठोकाठ भरायची, वर बोटभर शीग ठेवायची. तरी रोज कमी. आपल्या हाताला बरकत नाही, असं तिला वाटू लागलं. सासूबाईंच्या हाताला आहे, आपल्या नाही. ऑफिसात अकरा वाजताच तिला भोवळ आल्यासारखं व्हायचं आणि ती शेजारणीला सांगायची, उन्हाळा फार आहे यंदा. परीक्षेचं पुस्तक पिठाच्या डब्यामागे होतं. भाकरी फुगेपर्यंत एक परिच्छेद, असा तिचा अभ्यास चालायचा. आठवड्यात अकरा पानं झाली. एकूण पानं तीनशे बारा होती.

अशा रीतीने पुढचा रविवार उजाडला.

रविवार म्हणजे मासळीचा मोठा वार. आणि त्याच वारी लक्ष्मीबाईंचा सूर्यनारायणाचा उपास. हे घरातल्या मुलांना लहानपणापासूनचं कोडं होतं. मालवणी बाई, आठवडाभर सुकटीवर जीव टाकणार आणि सगळं घर सुरमई खात असताना दूध-केळं घेऊन बसणार! पण देवाधर्माचं प्रकरण, विचारणार कोण? मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि रविवारचा उपास लक्ष्मीबाईंना त्यांच्या हिरव्या पातळासारखा शोभून गेला.

अनुजा सकाळी लालबागच्या बाजारात गेली. "किती माणसां?" कोळणीने सुरी उचलत विचारलं. "दहा," अनुजा म्हणाली. कोळणीने सुरमईच्या नेमक्या दहा तुकड्या पाडल्या. डोकं आणि शेपूट कालवणाला.

पहिली पाळी बसली. जगदीश, सुशांत, रघुवीरराव आणि चार मुलं. डोकं रिवाजाप्रमाणे जावयाच्या ताटात गेलं. रघुवीररावांनी कालवण भुरकून डोळे मिटले. "वैनी, मान गये," ते म्हणाले, आणि पुन्हा भात मागायला पुढे केलेला हात पातेल्याकडे लक्ष जाताच मागे घेतला. नेमकं ते रमाने पाहिलं.

पुरुष समोरच्या घरात आडवे व्हायला गेले, मुलं टीव्हीकडे. दुसरी पाळी बसली. रमा, नूपुर, पूर्वी आणि अनुजा. लक्ष्मीबाई आपलं केळं सोलत भिंतीला टेकून बसल्या. अनुजाने तिघींना वाढलं आणि मग स्वतःच्या ताटात दोन डाव भात आणि कालवणाचं पाणी घेतलं.

"वहिनी, राग मानू नको हां," रमा म्हणाली. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते ते राग मानण्याजोगंच असतं. "पण तुझो हात आखडलो हा. घरात माणसां इली की पातेलां वायच मोठा घेवचा लागता. ह्येंनी आज भात मागूक हात फुडे केल्यानी नि मागे घेतल्यानी. जावय माणूस. माका कसा वाटला असात?"

अनुजाने घास खाली ठेवला.

"माझा हात नाही आखडलेला, रमाताई. दहा माणसं, दहा वाट्या. आईंच्याच वाटीने, आईंच्याच मापाने. पाटी बघा हवी तर."

"म्हणजे आईचा माप चुकला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मगे कसा म्हटलंस?"

"रमाताई, जाऊ दे ना," नूपुर मध्ये पडली. "ताई सकाळी पाचला उठतात. मी पण बघते ना. मला भाकऱ्या येत नाहीत, नाहीतर..."

"तुका भाकऱ्यो येनत नाय ता आमका ठाऊक आसा," रमा म्हणाली.

"हे बघा, म्हणूनच मी टिफिन म्हणत होते!" नूपुरचाही आवाज चढला. "तेव्हा ताईंनीच नको म्हटलं. आता कोण कोणाला बोलणार?"

आता दोघी मिळून आपल्यालाच दोष देणार, हे अनुजाच्या ध्यानात आलं. पण काय म्हणायचं? भात खरोखरच कमी होता. रोजच कमी पडत होता.

"माझ्या मापात पंचावन वर्षात कदी कमी पडूक नाय," भिंतीकडून आवाज आला. लक्ष्मीबाईंचं केळं अर्धं सोलून हातातच राहिलं होतं. काळा चष्मा त्यांनी पुन्हा कपाळावर चढवला आणि नवा डोळा ताटांवरून फिरवला. रमाच्या ताटाच्या कडेला सुरमईचा मधला काटा. नूपुरच्या ताटात काटा. पूर्वीच्या ताटात काटा. अनुजाच्या ताटाची कड कोरी.

"अनुजा, तुझ्या ताटाक काटो नाय."

"मला नको होती तुकडी, आई."

"नको होती की नाय होती?"

अनुजाने ताटातला भात कालवायला घेतला. पूर्वीने मात्र बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. पहिल्या पाळीत सात. आता इथे रमाआत्या, काकी, मी. दहा. दहा तुकड्या. तिने पाटीकडे पाहिलं, मग आईकडे, मग आजीकडे.

"आई," ती म्हणाली, "पाटीवर तू कुठे आहेस?"

"मी काय?"

"तुझं नाव. बाबा, मी, काकाचे चार, आत्याचे चार. तू नाहीयेस. आजी पण नाहीये. आपण बारा जण आहोत. तू आठवडाभर दहा जणांचं शिजवतेयस."

नूपुर मनातल्या मनात पुन्हा मोजत होती, ते तिच्या ओठांवरून दिसत होतं. रमा पाटीकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला, खरं तर चोरी तिची नव्हती. अनुजाने आपल्याच अक्षरातली ती नावं वाचली. पदवीधर बाई. आकड्यांच्या कंपनीत वीस वर्षं नोकरी. आणि स्वतःला मोजायला विसरली.

"मी लिहिलंच नाही," ती म्हणाली.

"मिया सांगूकच नाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

त्यांनी केळं ताटलीत ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"पाटयेर रांधतलीचा नाव नसता," त्या म्हणाल्या. "तशी रीतच होती. तीस मेंबर, तिसांचाच रांधायचा. सासू एक मूठ वर टाकूक देय नाय. पण रोज दोघे-तिघे तरी खाडो असायचेच. कोणाची डबल पाळी, कोणाक ताप, कोण गावाक गेलो. काय जण आयत्या वेळी येयत नसत. तेंचा उरलेला ताट ता आमचा, सासूचा नि माझा. खाड्याचा ताट म्हणायची ती. खानावळ बंद झाली तरी माझ्या हाताक तोच माप. ह्या घरात पण कोण ना कोण खाडो असताच. जगदीशची गोदी, हिचा कॉलेज. ह्या महिन्यात कोणच खाडो नाय. सगळे येळेर हजर. मगे आमका खंयसून उरतला?"

"आणि तेव्हा, खानावळीत, तीसच्या तीस आले तर?" नूपुरने विचारलं.

"तसे आयतवारी येयत. गिरणी बंद, मटण नायतर सुरमई. आयतवारी खाडो म्हणून नसायचोच." लक्ष्मीबाईंनी ताटलीतल्या केळ्याकडे पाहिलं. "तेवा सासू म्हणायची, लक्ष्मे, आज आपलो सूर्यनारायणाचो उपास."

रमाच्या हातातला घास तसाच राहिला. रविवारी दूध-केळं खाणाऱ्या आईबद्दल ती कणकवलीच्या आळीत अभिमानाने सांगत असे. आमची आई म्हणजे देवमाणूस, म्हणत असे.

"आई," ती म्हणाली, "मगे खानावळ बंद झाल्यार पण कित्याक केलंस?"

"सवय. आणि सगळी म्हणूक लागली, काय बाय धार्मिक आसा. मगे सोडूची कशी?"

पूर्वीला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. अनुजाला वेगळाच राग आला. मेलेल्या राधाबाईंचा, समोर बसलेल्या लक्ष्मीबाईंचा, स्वतःचा, नक्की कोणाचा ते तिला कळेना. बावीस वर्षं ती या बाईच्या मागून जेवायला बसली होती. पातेल्यात किती उरलंय ते बघून भूक ठरवत होती. आणि हे कोणी तिला शिकवलं नव्हतं. ती बघून बघून शिकली होती.

"सांग ना आता," पूर्वीने तिला कोपराने ढोसलं. "परीक्षेचं."

"पूर्वी!"

"कसली परीक्षा?" तिघींनी एकदम विचारलं.

"आईची. ऑफिसरची. पंचवीस तारखेला. शेवटचा चान्स आहे, आणि ही भाकऱ्या भाजत भाजत अभ्यास करतेय. पुस्तक पिठाच्या डब्यामागे आहे. बघा जाऊन."

नूपुर खरोखरच उठून बघून आली. पुस्तकाला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. "ताई, मला तरी सांगायचं," ती म्हणाली. "टिफिन मी माझ्यासाठी मागत होते होय?" तिला मनापासून वाईट वाटलं होतं.

"दोनदा नापास झाले," अनुजा म्हणाली. "यानंतर बसता येत नाही. आणि मला पास व्हायचंय." हे वाक्य तिने आजवर जगदीशलाही इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

लक्ष्मीबाई भिंतीला धरून उठल्या.

"जगदीशाक हाक मार," त्यांनी पूर्वीला सांगितलं.

जगदीश झोपेतून लुंगी सावरत आला. मागोमाग रघुवीरराव आणि सुशांत, काय झालं ते बघायला. लक्ष्मीबाई पाटीसमोर उभ्या होत्या.

"गोदीत शंभर माणसांची हजेरी घेतंस ना रे?"

"होय. का?"

"घरात बायलेची घेवक इसारलंस." त्या वळल्या. "मिया पण इसारलंय. तू एकटो नाय. खडू दी."

जगदीशला काही कळलं नव्हतं, पण त्याने खडू दिला. लक्ष्मीबाईंनी रमाच्या नावाखाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, अनुजा. लिहिणं त्यांना फार येत नव्हतं. राधाबाईंनी पाटीसाठी शिकवलं होतं तेवढंच. मग त्या नावापुढे त्यांनी फुल्या मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सकाळ-संध्याकाळच्या मिळून अठ्ठावीस फुल्या व्हायला वेळ लागला, आणि जागा संपली तेव्हा त्या चौकटीच्या लाकडावर गेल्या.

"पंचवीस तारखेपर्यंत खाडो," त्या म्हणाल्या. "रांधपाचो खाडो, जेवणाचो नव्हे. चुलीकडे येवचा नाय."

"आई, पण मग करणार कोण?" अनुजा म्हणाली. "आणि नावापुढे नुसत्याच फुल्या! आजच तर नाव आलं पाटीवर."

"खाडो मांडूक आदी नाव लागता गो," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "नाव नसलेल्याचो खाडो कोण मांडता?"

रमा उठली. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. "सकाळचा मी बघतंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात मघाचं गोड हसू नव्हतं, त्यामुळे तो बरा वाटला. "संध्याकाळचा नूपुर."

"पण भाकऱ्या..." नूपुर म्हणाली.

"भाकऱ्यो ह्ये करतले," रमाने रघुवीररावांकडे बोट दाखवलं. "शिक्षक होवच्या आदी रत्नागिरीत खोली करून रवले होते. सगळा येता. लग्न झाल्यापासून इसारले."

रघुवीररावांनी बाह्या दुमडल्या. मास्तरांना खोटं बोलता येत नव्हतं. सुशांत भांड्यांना तयार झाला. जगदीश "बघू" म्हणणार होता, पण आईचा नवा डोळा त्याच्यावर होता, तेव्हा तो म्हणाला, "बाजार मी आणीन."

अनुजाने सासूबाईंच्या हातातून खडू घेतला. आपल्या नावाच्या वर थोडी जागा उरली होती. सासूचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं आणि लिहिलंही नव्हतं. तिथे तिने बारीक अक्षरांत लिहिलं, लक्ष्मीबाई. फुली मारली नाही.

लक्ष्मीबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर नेऊन ते वाचलं. मग खालपासून वरपर्यंत सगळी नावं बोटाने मोजली.

"बारा," त्या म्हणाल्या. "रमा, दोन वाट्यो तांदूळ लाव."

"दोन? आज तुजो उपास ना?"

"उपास सासून सांगलेलो. देवान खंय?"

रमाने जर्मनची वाटी दोनदा भरली, दोन्ही वेळेला शीग ठेवून. भात होईपर्यंत साडेतीन वाजले. सुरमई संपली होती, पण कालवण होतं आणि त्यात शेपटीचा एक तुकडा निघाला. तो रमाने आईच्या ताटात टाकला, आईने अर्धा मोडून अनुजाच्या ताटात. दोघी समोरासमोर बसून जेवल्या आणि बाकीचे दारात उभे राहून बघत राहिले. रविवारी आजीला मासे खाताना त्यांच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. लक्ष्मीबाई सावकाश जेवल्या. दुसऱ्यांदा भात मागितला, आणि तो होता.

जेवण झाल्यावर अनुजाचा हात आपसूक दोन्ही ताटांकडे गेला. ती ताटं एकावर एक रचून उठायला लागली.

"खंय चल्लंस?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "खाडो हा ना तुजो?"

अनुजा ताटं खाली ठेवून पुन्हा बसली.